हंगामी मांजर

आमच्या भिंतीपलीकडे काशीराम शेठची तांदळाची वखार होती. शेठ रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून वखारीच्या पायरीशी मुंग्यांना साखर घालत आणि आत जाऊन मांजराला उपाशी ठेवत. दोन्ही गोष्टी ते तत्त्व म्हणून करत.

"वहिनी, पोट भरलेलं मांजर उंदराकडे ढुंकून बघत नाही," त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. "कारकुनाला आधी पेन्शन द्या आणि मग म्हणा, या कामावर. येईल का?"

आमचे हे मामलेदार कचेरीत कारकून. त्यामुळे उदाहरण जरा लागलं, पण खोटं आहे असंही म्हणता येईना.

तांदळावरचं रेशनिंग नुकतंच उठलं होतं आणि शेठची वखार आढ्याला टेकली होती. उंदीर इतके माजले होते की भिंतीपलीकडे त्यांची लग्नकार्यं चालल्यासारखा धुडगूस ऐकू येई. मांजराचा आवाज मात्र दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. मला तो ऐकू येई, कारण त्या दिवसांत मला सगळंच ऐकू येत असे. वेणू आठ महिन्यांची होती. ती झोपली की तिचा श्वास चालू आहे ना, हे मी पाळण्यावर वाकून बघत असे. आणि ती जागी असली की इतकी जागी का आहे, म्हणून कपाळाला हात लावत असे. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन मी एवढंच शिकले होते की कशाचाही भरवसा धरू नये.

वैशाखातल्या एका दुपारी तो आवाज आला तेव्हा मला वाटलं, वेणूच कण्हतेय. धावत गेले तर ती पायाचा अंगठा तोंडात घालून मजेत झोपली होती. मी तिला तशीच उचलली, कडेवर घेतली आणि शेजारी गेले.

शेठ गादीवर लवंडले होते.

"शेठ, तुमचं मांजर मरतंय."

"मरत नाही, आळस करतंय," ते डोळे न उघडता म्हणाले. "उद्या बळीरामची गाडी जातेय पळस्प्याला. सांगितलंय त्याला, नाक्यावर सोडून दे. मोकळ्या हवेत बरं वाटेल."

मी आत गेले. पोत्यांच्या दोन थप्प्यांमधल्या सांदीत ती पडली होती. दोन्ही डोळे चिपडांनी चिकटलेले, कानांवर, पाठीवर नि शेपटीवर खरजेची खपली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. अंगावर धूळ होती आणि त्या धुळीत उंदरांची बारीक पावलं उमटली होती. उंदीर तिला वळसा घालण्याचीही तसदी घेत नव्हते, सरळ वरून जात होते.

"मी नेते हिला," मी म्हणाले.

"न्या की," शेठ उठून बसले. "पण वहिनी, एक सांगतो. जगली तर परत आणून द्यायची. मांजर माझं आहे."

"म्हणजे परत उपाशी ठेवायला?"

"उपाशी कुठे? उंदीर आहेत की!"

म्हणजे हिशेब असा झाला, की ती आजारी असेपर्यंत माझी आणि बरी झाली की त्यांची. शुश्रूषा करणाऱ्या माणसाला इतका नाउमेद करणारा करार दुसरा नसेल. तरी मी वेणूचं दुपटं सोडलं, त्यात मांजराला गुंडाळलं आणि एका काखेत मूल, एका काखेत मांजर अशी घरी आले.

सासूबाई ओटीवर वाती वळत होत्या. आळीत त्यांना सगळे कमळाबाई म्हणत आणि जरा दबूनच असत.

"अगो, हे काय आणलंस?"

"मांजर."

"मांजर होतं ते. आता काय आहे ते सांग."

मी दुपटं खाली ठेवलं. त्यांनी एकदा बघितलं आणि पदर नाकाला लावला. "ठेव बाहेर नेऊन. घरात मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. तुझ्या पाटल्या मोडाव्या लागतील. माझ्या नाही मोडणार."

"पण ते आपण मारलं तर ना, आई? हे आपणहून मरेल."

"उंबऱ्याच्या आत मेलं की घरच्यांनी मारलं."

"आणि बाहेर मेलं की?"

"बाहेर मेलं की त्याचं आयुष्य सरलं."

धर्मशास्त्राचा हा बारकावा आमच्या कॉलेजात कुणी शिकवला नव्हता. मी म्हणाले, "मग पडवीत ठेवते." तर पडवी घरात धरायची की बाहेर, यावर आमची संध्याकाळपर्यंत जुंपली. शेवटी हे कचेरीतून आले. त्यांनी टोपी खुंटीला लावली, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निकाल दिला, "पडवीची घरपट्टी भरतो आपण. म्हणजे घरातच."

सासूबाई शिक्षा सुनावल्यासारख्या मला म्हणाल्या, "म्हणजे आता मरू देऊन चालायचं नाही हिला. बस निस्तरत."

नाव ह्यांनीच ठेवलं. कचेरीत तात्पुरत्या माणसाला हंगामी म्हणतात, तसं 'हंगामी'. "आणि तुझ्या तत्त्वज्ञानात जग मिथ्या आहे ना," हे म्हणाले, "ते तिला आत्ताच सांगू नकोस. पटेल तिला."

मग मी निस्तरत बसले. वेणूच्या डोळ्यांसाठी आणलेली बोरिक पावडर कोमट पाण्यात घालून हंगामीचे डोळे पुसायचे, खरजेला करंजेल तेलात गंधक कालवून लावायचं, आणि मग वेणूला घेण्याआधी कार्बोलिक साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. दिवसातून इतक्यांदा धुतले की हातांना भेगा पडल्या. माझ्याकडे बालसंगोपनावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात मांजराचा उल्लेख एकदाच होता, ठेवू नये म्हणून. मला घटसर्पाची भीती वाटे, गजकर्णाची वाटे, मांजर बाळाच्या तोंडावरचं दूध चाटायला पाळण्यात उडी घेतं म्हणतात त्याची वाटे. जिला मान उचलता येत नव्हती ती पाळण्यात उडी कशी घेणार, हा विचार मला सुचायचा, पण त्यानं भीती कमी व्हायची नाही. मी पाळणा वर बांधायला लावला. हे म्हणाले, "अजून जरा वर घेतलास तर पोरगी कौलं शाकारील."

दूध पाजायला मी माळ्यावरचं पितळी बोंडलं काढलं.

"अगो, ते माझ्या मुलाचं बोंडलं!" सासूबाई ओरडल्या.

"माझी काही हरकत नाही," मुलगा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

पण दूध तिला पचेना. एका बाजूनं घातलं की दुसऱ्या बाजूनं बाहेर. वरण-भात लावला तर तोंड फिरवी. मऊ भात, ताकाची निवळी, सगळं झालं. ती दिवसेंदिवस दुपट्यात विरघळत चालली. "तिला ब्राह्मण करू नकोस गं," हे म्हणाले. "जीव जाईल तिचा त्यात."

कळत मलाही होतं. पण आमच्या घरात मासळी आणायची म्हणजे काय हे सांगायला नको. कोळीवाड्यातली चंद्रावती रोज पाटी घेऊन मागच्या बोळातून जाई आणि आमच्या दारावरून जाताना पाय उचलत असे, सुतकी घरावरून जावं तशी. त्या दिवशी मी मागचं दार किलकिलं करून "शुक्, शुक्" केलं.

"काय गो बाय?"

"चंद्रावती, थोडी मासळी हवी होती." मग घाईघाईनं म्हणाले, "मांजराला."

तिनं पाटी खाली टेकवली. माझ्याकडे बघितलं, कडेवरच्या वेणूकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

"मांजराला," ती म्हणाली.

"हो."

"बरां. मग मांजराला तलून पायजे का कालवन?"

"नुसतं उकडून द्यायचंय."

"उकडून! गरीब बिचारा मांजर." तिनं आवाज उतरवला. "मना लाजू नको, बाय. मी कोनाला सांगत नाय. वरच्या आळीतल्या मास्तरीण हायेत ना, त्यांचा पन मांजर हाय. दोन वर्सं मी मावरा देते, मना मांजर दिसला नाय अजून."

मला इतका राग आला की मी आत गेले आणि हंगामीला दुपट्यासकट उचलून तिच्या पुढ्यात धरली. चंद्रावतीनं कंबरेवर हात ठेवले.

"ह्यो मांजर? ह्याच्या नावावर तुमी खानार? काय बाय तरी! जरासा जाडा मांजर आनायचा, लोकांना खरा तरी वाटला असता!"

तिची समजूत मी अखेरपर्यंत घालू शकले नाही. उलट ती माझी काळजी घ्यायला लागली. "तू अंगावर पाजतेस. तुज्या मांजराला मुडदुशी दे. हलकी असते. दूध उतरल मांजराला." पाटीच्या तळाशी पानात गुंडाळून ती मुडदुश्या राखून ठेवी आणि देताना दरवेळी बजावी, "काटा बगून, हां! मांजराच्या गल्यात आडकल." एकदा तर चांगला पापलेटचा तुकडा दिला आणि डोळा मारून म्हणाली, "आज मांजराचा वाढदिस."

न्हाणीघरामागे तीन विटा मांडून फुटक्या मडक्यात मी ती उकडत असे. सासूबाई सोवळ्यात असल्या तर दुरून, नाकाला पदर लावून उभ्या राहत. आधी म्हणायच्या, "शिव शिव." मग म्हणायच्या, "मीठ घालू नकोस हो, मांजर आहे ते." आणि मग न राहवून, "अगो, शिजलं का बघ की! नुसती उभी काय राहिलीस?"

मुडदुशीनं गुण आला. आधी एक डोळा उघडला. पिवळाजर्द होता. मी एवढं बोरिक घातलं, हात सोलून घेतले, कुळाला बट्टा लावला, तर त्या एका डोळ्यानं तिनं माझ्याकडे जे बघितलं त्यात कृतज्ञतेचा अंशही नव्हता. असं माझ्याकडे आयुष्यात एकाच व्यक्तीनं बघितलं होतं, ह्यांच्या आधी मला बघायला आलेल्या स्थळाच्या आत्यानं. पण मला रडू आलं. मी लगेच वेणूला ताप नाही ना ते बघून आले.

पुढे दुसरा डोळा उघडला. खपल्या गळल्या, खाली राखाडी लव आली. ती पडवीत उभी राहिली, मग चालली, मग एके दिवशी कुंपणाच्या भिंतीवर चढून बसली. आणि माझी झोप उडाली. कारण आता ती बरी होत होती.

शेठ येता-जाता विचारत, "काय वहिनी, कसं आहे आमचं मांजर?"

"कसलं हो. कालपासून परत मान टाकलीय," मी म्हणे. आणि त्यांच्या पाठीमागे, भिंतीवर, आमचं मांजर एक तंगडी आभाळाकडे करून आपली मागची बाजू चाटत असे.

सासूबाई माझ्या मदतीला आल्या हे मला अजून नवल वाटतं. खोटं बोलायचं नाही असं त्यांचं सोमवारचं व्रत होतं. इतर वारी त्या मोकळ्या होत्या. "रात्रभर खोकत होती हो बिचारी," त्या शेठना सांगत. "काय म्हणतात ते, क्षयच असेल." आणि शेठ गेले की माझ्यावर उखडत, "म्हणून माझं तिच्यावर प्रेमबीम आहे असं समजू नकोस. एवढी मुडदुशी शिजवायची, एवढा वास सोसायचा, आणि तयार झालेलं मांजर त्या चिक्कूला नेऊन द्यायचं उपाशी मारायला? मेहनत काय रस्त्यावर पडलीय?"

पण असं किती दिवस चालणार? मी एक युक्ती काढली. शेठचंच तत्त्व धरायचं. पोट भरलेलं मांजर उंदीर मारत नाही ना? मग हिला इतकं खाऊ घालायचं, इतकं लाडावून ठेवायचं, की शेठनी नेली तरी ती पोत्यावर पसरून झोपेल आणि तेच कंटाळून परत आणून देतील. शिकलेल्या बाईची युक्ती. मी तिला गळ्यापर्यंत भरवू लागले. चंद्रावती म्हणाली, "तुज्या मांजराला डोहाळे लागलेत काय गो?"

आषाढ लागला. एके सकाळी पाळण्याखाली एक उंदीर मेलेला दिसला. तो पाळण्याखाली बरोबर मधोमध, नैवेद्य दाखवावा तसा मांडलेला होता आणि हंगामी बाजूला शेपूट पायाभोवती गुंडाळून बसली होती.

मी किंचाळले. मला पहिल्यांदा प्लेग आठवला. मी पाळण्यातली सगळी कापडं उकळली, घरभर धूप घातला, वेणूच्या काखा तपासल्या. ती गुदगुल्या होऊन हसत सुटली. दुसऱ्या दिवशी दोन उंदीर आले. तिसऱ्या दिवशी मी मोजायचं सोडलं.

"आपल्या घरात एवढे उंदीर कुठून आले?" मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

सासूबाईंनी एकाला काडीनं उलटा केला आणि पोट निरखलं. "हा आपला नव्हे. आपले उंदीर रोडके असतात. हा तांदळावर पोसलाय."

आम्ही दोघींनी वर बघितलं. भिंत आढ्यापाशी जिथे वखारीला मिळत होती, तिथे कौलांखाली वीतभर फट होती. म्हणजे जिथे ती उपाशी मरायला टेकली होती तिथेच आता, पोट तुडुंब भरल्यावर, ती हौसेनं शिकारीला जात होती. शेठचं तत्त्व साफ आडवं झालं होतं आणि ते आळीत कुणाला सांगायची सोय नव्हती. शेठना कळलं असतं की मांजर एवढं कामाचं आहे, तर त्याच दिवशी तिला उचलून, वर ती फट बुजवून, आत कोंडली असती.

मग आम्ही मुडदे लपवायला लागलो. अबोलीच्या आळ्यात, राखेखाली. सासूबाईंचं पोट मात्र फुगायला लागलं. "एवढी गुणी नात असती तर आळीभर सांगून आले असते," त्या म्हणाल्या आणि वेणूकडे अशा नजरेनं बघितलं की मलाच वाईट वाटलं.

एका सकाळी सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या, मी वेणूला पेज भरवत होते आणि हंगामी नुकताच एक मुंगसाएवढा घुशीचा ऐवज टाकून निघून गेली होती. तेवढ्यात शेठचा आवाज आला, "कमळाबाई, आहात का?"

सासूबाईंनी सुपातले तांदूळ भसकन परातीत ओतले, सूप घुशीवर पालथं घातलं आणि त्यावर कोपर टेकवून बसल्या. "या, शेठ."

शेठचा चेहरा उजळला होता. मला वाटलं, संपलं. कळलं शेठना.

"वहिनी, वखारीतले उंदीर गेले!"

"कुठे गेले?" सासूबाई म्हणाल्या.

"खाल्ले! धामण आलीय आपल्याकडे. पहाटे मी कानांनी ऐकलं, कौलांखालून सरसर सरसर. पोत्यावरच्या धुळीत माग आहे, हा असा." त्यांनी हवेत नागमोडी हात फिरवला. हंगामी पोट घासत सरपटते, तो तिचाच माग असणार. "साक्षात लक्ष्मी हो. खायला मागत नाही, प्यायला मागत नाही."

माझ्या हातातला चमचा वेणूच्या नाकात गेला. "मग... मांजर?" मी विचारलं.

"राहू दे तूर्त तुमच्याकडे. धामण टिकली तर मला मांजर कशाला? पण जनावराचं काय खरं, वहिनी. पावसाळा सरला की जातात. गेली की मग मात्र मांजर नेणार. क्षय असला तरी नेणार."

मला पुन्हा धडकी भरली. पण सासूबाई सुपावर कोपर तसंच ठेवून शांतपणे म्हणाल्या, "का जाईल? तुम्ही ठेवून घेतलीत तर राहील. रोज वाटीभर दूध ठेवा. पण गाईचं हो. म्हशीचं भारी पडतं धामणीला."

"धामणीला?"

"मग काय मला?"

ज्या शेठनी मांजराला ताकाचं पाणी दाखवलं नव्हतं ते दुसऱ्या दिवसापासून पितळी वाटीत गाईचं निरसं दूध घेऊन, अनवाणी, वखारीत जायला लागले. आणि हंगामी वरच्या फटीतून जायला लागली. दूध आता तिला पचत होतं. परत आली की मिशा पुसायच्या आधी आम्हाला दाखवून घ्यायची.

"देवाच्या नावाचं पितेय गो," सासूबाई म्हणाल्या, "पाप नाही ना लागायचं?"

"कुणाला, आई? आपल्याला की तिला?"

"तुला," त्या म्हणाल्या. "शिकलेली तू आहेस."

पनवेलात गोष्ट चालायला वेळ लागत नाही. आपट्याच्या एसटीतून ती बाहेरगावीही गेली. आठवड्यात धामणीचा नाग झाला. श्रावण लागेतो त्याला मिशा फुटल्या आणि मस्तकी मणी आला. नागपंचमीला वखारीच्या दारात पूजा ठेवली आहे, आळीतल्या सगळ्या बायकांनी यावं, असं शेठ स्वतः घरोघर सांगून गेले. आमच्याकडे तर खास, कारण दुधाचा मंत्र सासूबाईंनी दिलेला.

"मांजराला लाह्या वाहायच्या?" आदल्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या. त्या उपास धरून होत्या आणि चिडल्या होत्या. "माझ्या सात पिढ्यांत कुणी केलं नाही असं."

"आपण गेलो नाही तर संशय येईल."

"जाईन हो. नमस्कार मनातल्या मनात दत्ताला करीन."

नागपंचमीला सकाळीच मी हंगामीला करंजेल चोपडलं आणि स्वयंपाकघरात कोंडलं. पातोळ्यांसाठी हळदीची पानं धुऊन ठेवली होती, त्यावर ती नाराजीनं बसली. दाराला कडी लावली, खिडकीला पाट लावला. आज ती दिसली की सगळं बाहेर पडणार होतं. शेठ तिला तिथल्या तिथे उचलणार, फट बुजवणार आणि खुशाल परत उपाशी ठेवणार. मी कडी दोनदा बघितली. मग वेणूला काखेत मारलं आणि आम्ही दोघी गेलो.

वखारीच्या दारात दहा-बारा बायका लाह्या, दूध, दूर्वा घेऊन उभ्या होत्या. शेठनी रेशमी कद नेसला होता. त्यांनी दार उघडलं. आत अंधार, तांदळाचा वास, थप्प्यांच्या पुढ्यात चौरंगावर दुधाची वाटी. सगळ्या माना उंचावून बघत होत्या. आणि वर, कौलांखाली, सरसर असा आवाज झाला.

मला स्वयंपाकघराचं धुराडं आठवलं. त्याला मी काही लावलं नव्हतं.

थप्पीच्या आड काहीतरी धपकन उतरलं. सासूबाईंनी माझ्या दंडाला नखं रुतवली. मग दोन पोत्यांच्या फटीतून एक शेपूट बाहेर आली. हंगामीच्या बाकी अंगावर लव आली होती, पण शेपटीवर अजून केस आले नव्हते. काळी, बारीक, करंजेलानं चकचकीत. ती सावकाश वर उठली, टोकाशी वळली, डुलली.

"दर्शन!" शेठचा आवाज चिरकला. "दर्शन झालं!"

बायका धडाधड गुडघ्यांवर आल्या. कृष्णाबाई नावाच्या आमच्या समोरच्या बाई, ज्यांना जवळचं-लांबचं दोन्ही दिसत नसे, त्या म्हणाल्या, "फणा केवढा आहे हो!" आणि माझ्या कडेवरच्या वेणूनं, जिला ती शेपूट ओढायची रोजची सवय होती, आनंदानं चीत्कार करून तिच्याकडे झेप घेतली. मी तिला कमरेला धरून लोंबकळत ठेवली. ती हातपाय झाडत होती.

"बघा, लेकराला भय नाही!" कुणीतरी म्हणालं. "पुण्यवान आहे पोर." दोघीतिघींनी वेणूच्या पायांवर लाह्या टाकल्या. मी मनात म्हटलं, आता घरी जाऊन हिला दृष्ट काढायला हवी. आणि असं मला वाटलं याची मला लाज वाटली. आणि मी काढलीच.

शेपूट आत गेली. आता काय बाहेर येणार या भीतीनं मी डोळे मिटले. चौरंग थप्पीला इतका चिकटून होता, की वाटी अंधारात ओढल्यासारखी जराशी हलली आणि मग त्या शांततेत आवाज आला, लप् लप् लप् लप्.

"पितोय," शेठ कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझ्या हातचं पितोय."

इतकी वर्षं वखार चालवून त्या माणसानं कुणाला काही खाऊ-पिऊ घातल्याचा आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता. मुंग्यांचा आवाज होत नाही.

त्यांनी दार हळूच ओढून घेतलं आणि आमच्याकडे वळले. मी वेणूला घट्ट धरलं.

"कमळाबाई," ते म्हणाले, "एक विनंती आहे. तुमच्याकडचं ते मांजर. ते इकडे फिरकता कामा नये. मांजर-सापाचं वैर असतं. पंजा मारला, देवस्थान उठून गेलं, तर मी काय करू?"

"ते कसं जमेल?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका कोरडा होता की मलाच खरं वाटलं. "तुमचं मांजर. बरं होत आलंय. मी आजउद्या परतच पाठवणार होते. आमच्याकडे लहान मूल आहे. सोवळंओवळं आहे."

"छे छे छे!" शेठनी दोन्ही हात जोडले. "माझं कसलं? तुमचंच ते. या सगळ्या जणींच्या देखत सांगतो, माझा त्याच्यावर काही हक्क नाही. पण तुम्ही घरात ठेवा, खाऊ घाला, बांधून घाला, काय वाटेल ते करा. कायमचं ठेवून घ्या. हवं तर पाया पडतो."

आणि खरोखरच ते वाकले. कदासकट.

सासूबाईंनी सगळ्या बायकांकडे एकदा नजर फिरवली, प्रत्येकीनं ऐकलंय ना याची खात्री करून घेतली, आणि मग मोठा सुस्कारा सोडला.

"तुम्ही एवढं म्हणताय म्हणून ठेवते हो, शेठ," त्या म्हणाल्या. "नाहीतर मला मेलं मांजर मुळीच आवडत नाही."